वऱ्हाडाच्या पोटातला लाव्हा : दोनशे वर्षांच्या अभ्यासाचा आढावा

महाराष्ट्रातल्या ज्वालामुखीचा अभ्यास करायचा म्हटलं की जगभरचे भूशास्त्रज्ञ महाबळेश्वरचा घाट गाठतात. अकोल्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. कारण उघड आहे. सह्याद्रीत हजार-बाराशे मीटरचे कडे उभे आहेत, लाव्ह्याचे थर खालून वर मोजत जाता येतं. वऱ्हाडात नजर पोचेल तिथवर कपाशी आणि तुरीची वावरं, खाली काळी माती, मातीखाली मुरूम आणि मुरुमाखाली पाषाण. पण खडक तोच. रस्त्यावर पडणारी गिट्टी, जुन्या वाड्यांची जोती, गाविलगड आणि नरनाळ्याचे तट, विहीर खोदताना सुरुंग लावून फोडावा लागणारा काळा दगड, हा सगळा थिजलेला लाव्हा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो जमिनीच्या भेगांतून उसळला आणि पसरत गेला. इतकी झीज होऊनही आज त्याने जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली आहे.

या लाव्ह्याचा वऱ्हाडातला भाग कोणी अभ्यासला, कशाच्या आधारे, त्यातून काय हाती लागलं आणि काय राहिलं, याचा हा आढावा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दख्खनच्या लाव्ह्याची कथा पश्चिमेच्या कड्यांवरून रचली गेली आणि ती पूर्वेलाही लागू पडते, असं बरेचदा नुसतं धरून चाललं गेलं. वऱ्हाडात पुरावा कमी नाही. तो विहिरींत, खदानींत, घाटरस्त्यांच्या कापांत आणि बोअरच्या चुऱ्यात विखुरलेला आहे, आणि तो एकत्र करण्याचं काम अर्धवट राहिलं आहे.

पहिले अभ्यासक

दख्खनच्या या काळ्या खडकाचं पहिलं व्यवस्थित वर्णन लेफ्टनंट कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३३ मध्ये केलं. ते पुण्याकडचं. पूर्वेकडचं महत्त्वाचं काम नागपुरात झालं, आणि तेही दोन मिशनऱ्यांकडून. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांना १८५० च्या दशकात नागपूरजवळ टाकळीला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेली गाळाची माती सापडली. तिच्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख होते, वनस्पतींचे अवशेष होते. या शंखांनी मोठा प्रश्न सोडवायला मदत केली. लाव्हा समुद्राच्या तळाशी पसरला असता, तर थरांमध्ये समुद्री जीव मिळायला हवे होते. इथे तर तळी होती. म्हणजे एक प्रवाह आला, थंड झाला, त्यावर पाणी साचलं, जीव नांदले, आणि मग दुसरा प्रवाह आला. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. त्यांनी जमवलेले जीवाश्म मात्र पुढच्या शंभर वर्षांच्या चर्चेत राहिले.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ मध्ये सुरू झालं. त्यातले विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६० च्या दशकात पश्चिम आणि मध्य भारतातला लाव्हा पायी आणि घोड्यावरून हिंडून तपासला आणि तो उघड्या जमिनीवर एकामागून एक पसरलेल्या प्रवाहांचा आहे, हे पक्कं केलं. त्याच सर्वेक्षणातल्या ए. बी. विन यांनी १८६९ मध्ये पूर्णा खोऱ्यावर टिपण प्रसिद्ध केलं. वऱ्हाडावरचं हे बहुधा सर्वांत जुनं स्वतंत्र भूशास्त्रीय लेखन. उत्तरेला सातपुड्याची भिंत, दक्षिणेला बालाघाटाच्या टेकड्या आणि मध्ये गाळाने भरलेलं सपाट खोरं, ही वऱ्हाडची ठेवण आणि इथल्या विहिरींचं खारं पाणी तेव्हाच नोंदलं गेलं.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा अकोल्याच्या पश्चिमेला, भुसावळला घडला. लाव्ह्याखाली कोळसा असेल या आशेने तिथे खोल बोअर मारला गेला. कोळसा काही लागला नाही. पण बाहेर आलेल्या दगडाच्या नळकांड्या सर लुईस फर्मर यांनी एकेक करून तपासल्या आणि १९२५ मध्ये निष्कर्ष छापले : १,२१७ फूट खोलीत २९ वेगवेगळे प्रवाह, म्हणजे सरासरी एक प्रवाह चाळीसेक फुटांचा. सपाट प्रदेशात कडा नसला तरी लाव्ह्याचे थर मोजता येतात, हे या बोअरने दाखवून दिलं. ती पद्धत पुढे या भागात जितकी वापरायला हवी होती, तितकी वापरली गेली नाही.

एका प्रवाहाची ठेवण

कुठल्याही प्रवाहाला तळ, मध्य आणि माथा असतो. तळाशी वायूच्या उभ्या नळ्यांच्या खुणा, मध्ये घट्ट, उभ्या भेगांचा काळा पाषाण, माथ्याशी बुडबुड्यांनी पोकळ झालेला, ठिसूळ खडक. या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपून पांढरी, हिरवट स्फटिकं भरतात. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला असेल, तर माथ्याचा खडक कुजून विटेसारखा तांबडा थर तयार होतो. वऱ्हाडातल्या विहिरी खोदणाऱ्या माणसाला हे सगळं पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. तांबडी माती लागली की दगड बदलणार, पोकळ दगड लागला की पाण्याची आशा, काळा गच्च पाषाण लागला की सुरुंगाचा खर्च. भूशास्त्रज्ञ हातोडी, भिंग आणि होकायंत्र घेऊन विहिरीत उतरतो तेव्हा तोही याच खुणा शोधत असतो.

या खुणांचा अर्थ मात्र फार उशिरा, आणि तोही दूरच्या जिवंत ज्वालामुखीवरून लागला. हवाई बेटावरच्या किलाउआ ज्वालामुखीचा लाव्हा १९९० मध्ये कलापाना या वस्तीवर चालून आला, तेव्हा शास्त्रज्ञांनी तो रोजच्या रोज मोजला. आलेला थर सुरुवातीला जेमतेम वीतभर जाडीचा होता. वरची साल थिजली, पण आत लाव्हा येतच राहिला आणि तव्यावरची ज्वारीची भाकरी टम्म फुगावी तशी ती साल वर उचलली गेली. वीतभराचा थर काही दिवसांत चार मीटरांवर गेला. हे निरीक्षण १९९४ मध्ये छापून आलं आणि दख्खनकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तोवर समजूत अशी होती, की एवढा लाव्हा प्रचंड वेगाने, पुरासारखा धावत आला असणार. आता असं दिसू लागलं, की सावकाश, सालीखालून, आतल्या आत फुगत आलेला लाव्हाही शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. साल उष्णता आत धरून ठेवते आणि आतला रस वाहता राहतो. पुणे विद्यापीठातले रेमंड दुराईस्वामी आणि निनाद बोंद्रे, आयआयटी मुंबईचे हेतू शेठ अशा अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खडकांत या फुगवट्यांच्या खुणा टिपल्या. अमरावतीच्या एखाद्या खदानीच्या भिंतीत एकमेकांना चिकटलेल्या, उशांसारख्या लहान-मोठ्या लाव्ह्याच्या जिभा दिसतात, त्यांचा अर्थ असा हवाईत लागला.

ज्वालामुखीचं तोंड कुठे आहे, हा प्रश्नही याच वळणाने सुटतो. वऱ्हाडात शंकूच्या आकाराचा डोंगर नाही, कारण इथला लाव्हा एका तोंडातून आलाच नाही. तो लांबच लांब भेगांतून आला. माणसाच्या डोळ्यांदेखत घडलेलं याचं मोठं उदाहरण आइसलंडमधलं लाकी. १७८३ मध्ये तिथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने पेटत राहिली. जवळजवळ १५ घन किलोमीटर लाव्हा बाहेर आला. विषारी वायूंनी गुरं मेली, दुष्काळ पडला आणि देशातली पाचव्या हिश्श्याची माणसं गेली. दख्खनचा एकेक मोठा प्रवाह लाकीच्या कितीतरी पट असल्याचा अंदाज आहे. भेगांत थिजून राहिलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंती नर्मदा-तापी पट्ट्यात, नाशिक-पुणे भागात आणि कोकणात शेकड्यांनी आहेत. धुळे-नंदुरबारकडे त्या कुंपणासारख्या जमिनीवर उभ्या दिसतात. वऱ्हाडातला लाव्हा यांपैकी कुठल्या भेगांतून आला, की जवळपासच कुठे दडलेल्या भेगा आहेत, हा प्रश्न पूर्वेच्या अभ्यासातला कळीचा आहे.

चिखलदऱ्याचा घाट

वऱ्हाडातही एक उंच काप आहेच. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना साडेसातशे मीटरच्या आसपास उंची वाढते आणि हा सगळा चढ लाव्ह्याच्या प्रवाहांतून जातो. गाविलगडाच्या दक्षिणेला जमिनीत मोठा भ्रंश आहे. त्याच्या उत्तरेचा भाग वर उचलला गेला, दक्षिणेचा खाली बसला, आणि त्या खचलेल्या भागात पूर्णेचा गाळ साचला. म्हणून सपाटीवर शेकडो फूट खोल दडलेला खडक इथे डोळ्यांसमोर येतो.

सह्याद्रीत १९८० च्या दशकात एक मोठी पद्धत बसली. डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या प्रवाहांचे नमुने प्रयोगशाळेत नेऊन त्यांतलं टायटॅनियम, बेरियम, झिर्कोनियम आणि स्ट्रॉन्शियमचे समस्थानिक मोजायचे, आणि त्या रासायनिक ओळखीवरून थर जुळवायचे. आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव, ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स, अमेरिकेतले पीटर हूपर आणि त्यांचे सहकारी यांच्या कामातून कळसूबाई, लोणावळा आणि वाई असे तीन उपसमूह आणि त्यांतले थर ठरले. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही नावं त्यानंतर जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत गेली.

हीच पद्धत घेऊन एक पथक ईशान्येकडे वळलं आणि १९९८ मध्ये महू, चिखलदरा आणि जबलपूर इथल्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चिखलदऱ्याचं नाव आंतरराष्ट्रीय नियतकालिकात ठळकपणे आलं ते या लेखामुळे. निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. मूलद्रव्यांच्या प्रमाणात ईशान्येकडचे बरेच प्रवाह सह्याद्रीतल्या थरांशी मिळते-जुळते निघाले, पण शिशाच्या समस्थानिकांत फरक पडला. म्हणजे लाव्हा बनण्याची रीत सारखी असावी, पण आंबेनळीचाच प्रवाह वाहत मेळघाटापर्यंत आला, असं सरळ म्हणता येईना. वऱ्हाडचा लाव्हा सह्याद्रीचं शेपूट समजण्याच्या सवयीला इथे पहिला जोरदार धक्का बसला.

दुसरीकडे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाने वेगळी वाट धरली. त्यांनी रसायनापेक्षा शेतात दिसणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे प्रवाहांची जाडी, तांबडे थर, मोठ्या स्फटिकांचे खूणथर यांवर भर देऊन नकाशे केले आणि अजिंठा, चिखली, बुलढाणा, कारंजा अशा स्थानिक नावांचे थर पाडले. दोन्ही पद्धतींचा आपापला उपयोग आहे. पण एका पद्धतीचा बुलढाणा थर दुसऱ्या पद्धतीत नेमका कुठे बसतो, हे सांगणारा दुवा वऱ्हाडापुरता कच्चाच आहे. इथल्या विद्यार्थ्याला दोन नकाशे मिळतात आणि ते एकमेकांशी जेमतेम बोलतात.

मेळघाटात काम करण्याच्या अडचणीही आहेत. १९७४ पासून हा भाग व्याघ्र प्रकल्पात आहे, त्यामुळे नमुने घ्यायला परवानगी लागते आणि ते योग्यही आहे. पावसाळ्यात गवत आणि झुडपं कातळ झाकून टाकतात. सपाटीवरच्या विहिरींच्या भिंती दिसतात त्या पाणी तळाला गेल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा.

तारखांचा वाद

हा लाव्हा नेमका कधी आला, यावर दीड शतक भांडण झालं. बिरबल साहनींनी १९३० च्या दशकात थरांमधल्या वनस्पतींच्या जीवाश्मांवरून तो समजत होते त्यापेक्षा अलीकडचा, तृतीयक काळातला असल्याचं मांडलं. किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून वय काढता येऊ लागलं आणि १९८६ मध्ये फ्रान्सचे व्हिन्सेंट कूर्तिय आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय नोंदींच्या साहाय्याने दाखवलं, की बहुतेक लाव्हा फार थोड्या काळात, डायनोसॉर नष्ट झाले त्या सीमेच्या आसपास आला. तोवर, १९८० मध्ये, लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ यांनी डायनोसॉरांच्या विनाशाचं खापर अशनीवर फोडलं होतं. पुढे मेक्सिकोतलं चिक्षुलुब विवर सापडलं. म्हणून प्रश्न तीव्र झाला : मारेकरी कोण, अशनी की दख्खन?

२२ फेब्रुवारी २०१९ च्या ‘सायन्स’ साप्ताहिकात याच प्रश्नावर दोन शोधनिबंध एकाच अंकात आले. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन यांच्या गटाने तांबड्या थरांतले झिर्कॉनचे सूक्ष्म स्फटिक वेगळे काढून युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढलं आणि म्हटलं, की उद्रेक चार झटक्यांत झाले आणि त्यांतला एक मोठा झटका विनाशाच्या काही दशसहस्र वर्षं आधीचा. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने लाव्ह्यावरच आरगॉन पद्धत वापरली आणि सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा विनाशानंतर आला, असं मांडलं. दोन्ही गट मातब्बर, दोन्ही पद्धती काटेकोर, आणि निष्कर्षांत मेळ नाही.

या वादात वऱ्हाडाला जागा का हवी, ते पाहा. कुठल्या झटक्यात किती लाव्हा आला, हे ठरवायचं तर प्रत्येक थर किती दूर पसरला ते माहीत हवं. आकारमानाचा हिशोब केवळ पश्चिमेच्या कड्यावरून केला, तर पूर्वेची जाडी अंदाजाने भरावी लागते. माळव्याच्या पठारावर झिर्कॉनच्या तारखा काढण्याचं काम पुढे झालं. गाविलगडाच्या तांबड्या थरांवर तशाच बारकाईने काम व्हायला हवं.

लाव्ह्याखाली आणि लाव्ह्यावर

अमरावती जिल्ह्याचं खरं वैभव लाव्ह्याच्या खाली आहे. मोर्शी तालुक्यातलं सालबर्डी महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी सगळ्यांना माहीत आहे. तिथले गरम पाण्याचे झरे आणि आजूबाजूचे वालुकाश्म गाविलगडाच्या भ्रंशामुळेच वर आले आहेत. इथे लाव्ह्याचं पांघरूण बाजूला सरतं आणि खाली लॅमेटा नावाने ओळखले जाणारे चुनखडीयुक्त थर दिसतात. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातले अशोक श्रीवास्तव आणि त्यांचे विद्यार्थी या भागात अनेक वर्षं फिरले आणि त्यांना या थरांत डायनोसॉरांची हाडं आणि अंड्यांची घरटी मिळाली. अंडी लांब मानेच्या, शाकाहारी डायनोसॉरांची. ज्या जमिनीवर ती घातली गेली, तीच पुढे लाव्ह्याखाली गेली. विनाशाची चर्चा करायला परदेशी पथकं सह्याद्रीत येतात, पण सह्याद्रीत हा पाया शेकडो मीटर खोल आहे. कोयनेला वैज्ञानिक बोअर मारला तेव्हा तो ९३० मीटरांच्या पुढे लागला. सालबर्डीत त्यासाठी बोअर लागत नाही, चालत जाता येतं.

लाव्ह्यावर नंतर जे पडलं, तेही तितकंच महत्त्वाचं. लोणारचं सरोवर बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे वऱ्हाडातच. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा गोल खड्डा १८२३ मध्ये इंग्रज अधिकारी अलेक्झांडर यांनी नोंदला आणि पुढे शे-दीडशे वर्षं तो ज्वालामुखीचं तोंड मानला गेला. सगळीकडे लाव्हा, मध्ये वाटोळं विवर. दुसरं काय समजणार? १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी बोअरचे नमुने तपासले. प्रचंड दाबाखाली काच झालेली खनिजं त्यांत मिळाली. असा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही, आघातातच होतो. लोणार अशनीचं ठरलं. त्याचं वय अजून वादात आहे : एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं, दुसरीने ५ लाख ७० हजार. बसाल्टमध्ये, म्हणजे अशा थिजलेल्या लाव्ह्याच्या खडकात, इतकं नीट टिकलेलं आघात-विवर पृथ्वीवर दुर्मीळ असल्याने मंगळावरचे खड्डे समजून घ्यायला त्याचा उपयोग होतो. २०२० मध्ये ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं.

वऱ्हाडात खऱ्या ज्वालामुखीची तुलनेने ताजी खूणही आहे, पण ती इथल्या ज्वालामुखीची नाही. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर तोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी महाभयंकर स्फोट झाला. त्याची राख वाऱ्याने बंगालचा उपसागर ओलांडून भारतभर पडली. शोण नदीचं खोरं, आंध्रातलं ज्वालापुरम अशा ठिकाणी तिचे थर मिळाले. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठच्या बोरी गावी मिळालेल्या राखेवरून तर जुना वाद आहे. ती तोबाच्या याच स्फोटाची की कितीतरी जुन्या स्फोटाची, यावर पुरातत्त्वज्ञ आणि भूशास्त्रज्ञ भांडले, कारण तिच्यासोबत अश्मयुगीन हत्यारं होती. पूर्णा खोऱ्यातल्या नदीकाठच्या दरडींतही अशी राख आहे, आणि अमरावतीच्याच संशोधकांनी तिच्या काचकणांचं रसायन तपासून ती तोबाच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाशी जुळवली. पूर्णेच्या गाळाला त्यामुळे एक पक्की तारीख मिळाली. या शतकात वऱ्हाडात झालेल्या कामात मी हे सगळ्यांत मोलाचं मानतो, कारण ते बाहेरून आणलेल्या नकाशावर बेतलेलं नाही.

खारं पाणी, गोडं पाणी

सामान्य वऱ्हाडी माणसाचा लाव्ह्याशी रोजचा संबंध येतो तो पाण्यातून. १९७२ मध्ये राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली आणि विहिरींची नोंद नियमित होऊ लागली. बसाल्टात पाणी वाळूसारखं सगळीकडे मुरत नाही. ते वरच्या मुरमात, प्रवाहांच्या पोकळ माथ्यांत आणि भेगांत राहतं; मधला गच्च पाषाण जवळजवळ कोरडा. म्हणून एका वावरात पाणी लागतं आणि धुऱ्यापलीकडच्या वावरात बोअर फुका जातो. पानाड्याच्या हातातल्या नारळापेक्षा त्या दोन वावरांखाली कोणत्या प्रवाहाचा माथा किती खोल आहे, ही माहिती जास्त कामाची. वरूड आणि मोर्शीत संत्र्याच्या बागांनी भूजल इतकं उपसलं, की हे तालुके अतिशोषित ठरले. इथे बोअर खोल-खोल गेले, प्रत्येक बोअरने नवे प्रवाह भेदले, आणि त्यांतून निघालेला चुरा बांधावर पडून वाहून गेला.

खोऱ्याच्या मध्यावर वेगळीच गत. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात गाळ खोल आणि पाणी खारट. लाव्ह्याच्या झिजेतून आलेली ही चिकणमाती पाणी धरून ठेवते, निचरा होऊ देत नाही, आणि क्षार आतल्या आत साठत जातात. या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढलं जाई. म्हणूनच एप्रिल १९३० मध्ये समुद्रापासून शेकडो मैल दूर अकोल्याजवळच्या दहीहांड्यात मिठाचा सत्याग्रह होऊ शकला. हे क्षार मुळात आले कुठून, यावर मतं अनेक आहेत. कोरड्या हवामानात बाष्पीभवन, अडलेला निचरा आणि गाळातच कोंडलेलं जुनं पाणी यांचा प्रत्येकाचा किती वाटा, हे गाळाच्या थरांच्या तारखा लागल्याशिवाय ठरणार नाही. तोबाची राख इथेही उपयोगी पडू शकते.

जिवंत ज्वालामुखीची जोखीम

ज्वालामुखीशास्त्रज्ञ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो धगधगत्या कडेवर चंदेरी कपड्यांत उभा असलेला माणूस. ती जोखीम खरी आहे. १९८० मध्ये सेंट हेलेन्सच्या स्फोटात डेव्हिड जॉन्स्टन गेले. १९९१ मध्ये जपानमधल्या उन्झेनवर कातिया आणि मॉरिस क्राफ्ट हे दांपत्य आणि हॅरी ग्लिकेन गेले. १९९३ मध्ये कोलंबियातल्या गालेरासच्या तोंडाशी शास्त्रज्ञांचं पथक उतरलेलं असताना उद्रेक झाला आणि सहा शास्त्रज्ञ मरण पावले. त्या बलिदानातून इशारे देण्याची पद्धत सुधारली. १९९१ मध्येच फिलिपिन्सच्या पिनातुबोचा अंदाज वेळेवर आला आणि हजारो जीव वाचले.

भारतात जागा ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. दीर्घ झोपेनंतर ते १९९१ मध्ये उसळलं. २३ जानेवारी २०१७ ला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखालचं पथक जवळच समुद्रतळाचे नमुने घेत होतं, तेव्हा त्यांना राखेचे लोट दिसले आणि त्यांनी सुरक्षित अंतरावरून उद्रेक टिपला. वऱ्हाडात तसा धोका नाही. पण बॅरन, किलाउआ किंवा आइसलंडमधल्या कामाशिवाय वऱ्हाडाचा खडक उलगडत नाही आणि वऱ्हाडासारख्या प्रदेशाशिवाय अवाढव्य उद्रेक किती पसरतात, याचा पत्ता लागत नाही. आज जिवंत असलेला कुठलाही ज्वालामुखी त्या मापाचा नाही.

पुढे काय

या साऱ्या कामाचा हिशोब मांडला, तर सालबर्डीचे जीवाश्म, पूर्णेतली राख आणि लोणार या तीन विषयांत वऱ्हाडाने जगाला ठोस काही दिलं आहे. चिखलदऱ्याच्या रसायनाची सुरुवात झाली आणि ती मध्येच रेंगाळली. सर्वेक्षणाचे थर आणि सह्याद्रीचे थर यांचा सांधा बसलेला नाही. इथल्या लाव्ह्याच्या भेगा कुठे आहेत, हे ठरलेलं नाही. गाविलगडाच्या तांबड्या थरांतल्या झिर्कॉनच्या तारखा हाती आल्या, तर २०१९ च्या वादातली एक मोठी पोकळी भरून निघेल.

यातल्या पहिल्या पायरीसाठी परदेशी पथकाची वाट पाहायला नको. भुसावळच्या बोअरवर फर्मर यांनी जे केलं, ते आज तालुक्या-तालुक्यांत करता येईल. दरवर्षी वऱ्हाडात शेतकरी स्वतःच्या खर्चाने बोअर मारतात. दगड त्या वेळी बाहेर येतोच. दर तीन मीटरला मूठभर चुरा एका पिशवीत, पिशवीवर गाव, गट क्रमांक आणि खोली, आणि ती पिशवी जवळच्या भूशास्त्र विभागात. अमरावती आणि नागपूरच्या विद्यार्थ्यांनी असे काही शे बोअर पाच वर्षांत गोळा केले, तर वऱ्हाडाच्या सपाटीखालच्या लाव्ह्याचा काप तयार होईल, आणि तोच काप भूजल यंत्रणेला पाण्याच्या नकाशासाठीही लागणार आहे. संशोधनाचा आणि पाण्याचा प्रश्न इतक्या सहज एका कामात सुटायची संधी इतरत्र क्वचित मिळते. ती घ्यायची की नाही, हे विद्यापीठांनी आणि यंत्रणेने मिळून ठरवायचं आहे.